इंजिन ठकठक करू लागले तर

युसूफ वडगावच्या शिवारात वीज नसली, की विहिरीवर डिझेल इंजिन लागते. हा गडी जुना. किर्लोस्करांची ऑईल इंजिनांची कंपनी १९४६ सालची.

डिझेल पेटले, की दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली रेटला जातो. कनेक्टिंग रॉड हा त्याचा हात. तो क्रँक फिरवतो. मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ वेळा पिस्टन वर अन् २५ वेळा खाली! रॉड अन् क्रँक यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून निभते. तेल आटले, की बेअरिंग झिजते, रॉड ढिला होतो. आतून ठकठक ऐकू येते.

“एवढा वाफा भिजू दे,” म्हणू नका. तिथेच बंद करा. बेअरिंग नवे घालता येते. रॉड मोडला, तर इंजिनाची भिंत फोडून बाहेर येईल. मग खर्च विचारू नका! तेलाची पट्टी रोज बघा, इंजिन सुरू करायच्या आधी.