आधी नकाशा, मग खाण

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खुल्या कोळसा खाणी आहेत. त्यांना लागूनच महाऔष्णिक वीज केंद्राचा अवाढव्य परिसर आहे आणि तिथून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल फार लांब नाही. कोळशापर्यंत पोहोचायला वरची जी माती आणि जो दगड उपसावा लागतो, त्याचे डोंगर खाणीभोवती रचले जातात. चार-सहा पावसाळे गेले की त्यांच्यावर वेडी बाभूळ आणि घाणेरी माजते. त्या झाडोऱ्यात रानडुकरं मुक्कामाला येतात आणि त्यांच्या मागावर बिबटे आणि वाघ. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्रातल्या एका कामगाराचा आणि पाठोपाठ दुर्गापूरमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाचा वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात बळी गेला. त्यानंतर झुडपं साफ करा, वाघ पकडा, अशी मागणी जोरात पुढे आली आणि ती स्वाभाविकच होती. पण याच ढिगाऱ्यांकडे बोट दाखवून एक वेगळा युक्तिवादही केला जातो. खाणीमुळे जंगल संपतं असं तुम्ही म्हणता, मग खाणीच्या ढिगाऱ्यावर वाघ कसा राहतो? आजचं माझं बोलणं या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

वाघाला दडायला आडोसा, खायला शिकार आणि प्यायला पाणी मिळालं की तो थांबतो. जागा हिरवी आहे की नैसर्गिक, हा भेद तो करत नाही. मात्र हिरवेपणा आणि जंगल यांतला फरक आपल्याला कळायला हवा. जंगलाचं भांडवल वरच्या वीत-दोन वीत मातीत असतं. बियांचा साठा, बुरशीचं जाळं, मुळांना नत्र पुरवणारे जिवाणू, गांडुळं, वाळवी, सगळं तिथेच. ही माती आधी खरवडून वेगळी ठेवावी आणि शेवटी वर पसरावी, असा नियम आहे. पण वर्षानुवर्षं ढिगात पडून राहिलेल्या मातीतला जीव कमी होत जातो. तिच्याखालून निघालेला कोळशाच्या थराजवळचा खडक तर बीज रुजवायच्या लायकीचाच नसतो. अशा जागी ज्यांना काहीच लागत नाही त्या वनस्पती येतात. मोह तिथे आपणहून येत नाही, कारण मोहाची बी झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच निकामी होते आणि जवळ जुना मोह नसेल तर ती येणार कुठून? रोप लावलंच, तर वेचण्याजोगा बहर धरायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. चारोळी, बेहडा, तेंदू, बिजा यांचीही कथा थोड्याफार फरकाने अशीच. म्हणजे ढिगारा हिरवा होतो, त्यावर वाघही येतो, पण चैत्रात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला तिथे टोपलीभर फूल मिळत नाही. सरकारी कागदावर मात्र दोन्ही जागा सारख्याच दिसतात: इतके हेक्टर वृक्षाच्छादित, इतकी झाडं लावली.

खरी अडचण या मोजमापात आहे. वन संवर्धन कायदा 1980 सालचा, भरपाई वनीकरणाच्या निधीचा कायदा 2016 चा. दोन्हींचा हिशेब प्रकल्पागणिक होतो आणि हेक्टरमध्ये होतो. या खाणीला इतकी वनजमीन गेली, तितकी जमीन दुसरीकडे द्या, झाडं लावा, वनाचं मूल्य भरा. प्रत्येक प्रकरण सुटं पाहिलं तर बहुतेक वेळा नियमात बसतं. चंद्रपूरच्या हवेने हा हिशेब किती फसवा आहे ते फार पूर्वी दाखवून दिलं. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा एकत्रित प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं आलं. सिमेंट कारखाना, वीज केंद्र, खाण, स्पंज आयर्नची भट्टी, यांतला प्रत्येकजण आपापला परवाना दाखवत होता. बेरीज कुणीच केली नव्हती. ती झाली तेव्हा 2010 मध्ये नव्या उद्योगांना स्थगिती देण्याची वेळ आली.

हवेची निदान एकदा तरी बेरीज झाली. जंगलाची झाली नाही. ताडोबातला तरुण नर वाघ दीड-दोन वर्षांचा झाला की आईचा इलाका सोडतो आणि स्वतःची जागा शोधत निघतो. त्याची वाट ब्रह्मपुरीकडे, उमरेड-कऱ्हांडल्याकडे, दक्षिणेला कन्हाळगावमार्गे तेलंगणात किंवा पूर्वेला वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आणि पुढे इंद्रावतीकडे जाते. या वाटेवर एक खाण असेल तर तो वळसा घालेल. पण खाण, तिच्यापर्यंतचा रस्ता, रस्त्यालगतची वस्ती, कालवा आणि रेल्वे अशी रांग लागली की वळशाला जागा उरत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. रुळांनी व्यापलेली जमीन हेक्टरमध्ये मोजली तर नगण्य भरते. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला तर हिशेब राज्याची हद्दही ओलांडत नाही: गोदावरीवरचं मेडिगड्डा धरण तेलंगणाने 2019 मध्ये सुरू केलं आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत शिरलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कुठे खाण चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे संपूर्ण वनप्रदेशाचा एकत्र विचार करून पट्टा वाटण्याआधी ठरलं पाहिजे. आज क्रम उलटा आहे. आधी लिलाव, मग कंपनीची गुंतवणूक, मग पर्यावरणाचा अभ्यास, तोही कंपनीनेच नेमलेल्या सल्लागाराकडून.

उलट्या क्रमाची किंमत काय असते, हे लोहाऱ्याने दाखवलं. ताडोबाच्या वेशीवरचा लोहारा कोळसा पट्टा अदानी समूहाला तिरोड्याच्या वीज केंद्रासाठी देण्यात आला होता. चंद्रपुरात त्याला मोठा विरोध झाला. इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे उपोषणाला बसले आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला. खाण थांबली म्हणून वीज थांबली का? नाही. तिरोड्याचं 3300 मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं आणि दुसरीकडच्या कोळशावर चाललं. जंगल की वीज, असा सरळ सवाल टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मात्र गोष्ट इथे संपत नाही, आणि पर्यावरणवाद्यांनाही पुढचा भाग ऐकायला हवा. लोहाऱ्याचा कोळसा गृहीत धरून वीजदर ठरलेला होता. तो कोळसा न मिळाल्याने कंपनीने वाढीव खर्चाची भरपाई मागितली, वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षं वाद चालले आणि तो बोजा शेवटी ग्राहकाकडे वळला. नकार योग्यच होता, पण तो उशिरा आला. ताडोबा काही नंतर तिथे येऊन बसला नव्हता. राष्ट्रीय उद्यान 1955 पासून होतं, अभयारण्य 1986 पासून. पट्टा वाटतानाच नकाशा समोर असता तर उपोषणही टळलं असतं आणि खटलेही.

असा नकाशा करणं अशक्य आहे, असं कुणी म्हणेल तर 2010 ची आठवण करून द्यावी लागेल. त्या वर्षी पर्यावरण आणि कोळसा या दोन मंत्रालयांनी मिळून देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे जंगलाच्या नकाशांवर ठेवून पाहिले आणि कोणते पट्टे खुले, कोणते वर्ज्य, याची विभागणी केली. आपलं वर्धा खोरं त्या नऊंत होतं. पद्धत ढोबळ होती आणि तिच्यावर टीका करायला जागाही होती. पण ती सुधारण्याऐवजी दबावाखाली गुंडाळली गेली. परिणाम असा, की 2020 मध्ये व्यावसायिक लिलावाच्या यादीत ताडोबाच्या वाघवाटेवरचा चिमूरजवळचा बंदर पट्टा पुन्हा झळकला. ओरड झाली, राज्य सरकारने पत्र लिहिलं आणि तो वगळला गेला. दहा वर्षांनी पुन्हा पत्रानेच वाचवावं लागलं.

गडचिरोलीत प्रश्न अधिक अवघड आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्सला 2007 मध्ये लोहखनिजाचा पट्टा मिळाला, सुमारे 348 हेक्टरचा. याच डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. नक्षल्यांनी 2016 च्या डिसेंबरमध्ये खाणीवरची ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली. 2021 पासून उत्खनन जोरात सुरू झालं, 2023 मध्ये वार्षिक क्षमता तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. 348 हेक्टर म्हणजे या अफाट वनजिल्ह्यात ठिपकाच. पण ठिपक्यातून निघालेलं खनिज शेकडो ट्रकांतून आलापल्ली आणि आष्टीच्या रस्त्याने जात राहिलं. तांबड्या धुळीने काठच्या धानाचं आणि घरांचं काय केलं आणि अपघातांत किती माणसं गेली, हे त्या रस्त्याच्या गावांना विचारावं. पट्ट्याच्या हेक्टरांत हा रस्ता कुठेच नव्हता. खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या कारखान्याला खनिज गाळाच्या रूपात नेणारी 85 किलोमीटरची पाइपलाइन 2025 मध्ये सुरू झाली. उपाय चांगलाच आहे, रस्त्यावरचा भार त्याने हलका होईल. पण तो आधी आणि ट्रक नंतर, असा क्रम ठेवायला कोणती अडचण होती? त्याच वर्षी केंद्राच्या वन सल्लागार समितीने खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी आणखी सुमारे 937 हेक्टर वनजमिनीची शिफारस केली. त्यात लाखाहून अधिक झाडं जातील. मूळ पट्ट्याच्या अडीच पटींहून जास्त जमीन. 2007 मध्ये 348 चा निर्णय घेताना हे 937 हिशेबात होते का?

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. गडचिरोलीत उद्योग नाही, रस्ते उशिरा आले, तरुण हैदराबादकडे मजुरीला जातात. जंगल सांभाळत गरीब राहा, असं शहरातल्यांनी सांगू नये. बरोबर आहे. खाणीत मिळालेली नोकरी खरी आहे, कोनसरीच्या पोलाद कारखान्यातला पगारही खरा आहे. पण दुसऱ्या बाजूचं उत्पन्नही मोजा ना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे आज असे हक्क आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात आणि मोहफूल, टोरी (मोहाची बी), डिंक यांचा पैसा घराघरांत पोहोचतो. हे उत्पन्न दरवर्षी येतं, खनिज एकदाच निघतं. खाणीच्या फायद्या-तोट्याच्या तक्त्यात पगार लिहिला जातो, बुडालेलं मोहफूल लिहिलं जात नाही. सगळ्या खाणी बंद करा असं मी म्हणत नाही. दोन्ही रकाने भरा आणि ज्यांच्या नावावर दुसरा रकाना आहे त्यांना आधी विचारा, एवढंच. सुरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोली शहरात झाली, बाधित गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. याला विचारणं म्हणत नाहीत.

आता ढिगाऱ्यावरच्या वाघाकडे वळू. वाघ वाढलेत, मग नुकसान कसलं, असं विचारणाऱ्यांना सांगायचं ते असं. वाघ वाढले हे संरक्षणाचं यश आहे, त्यात वाद नाही. पण वाढलेल्या वाघांना पांगायच्या वाटा आखडल्या की ते शेत, गाव आणि खाणीच्या कडेला कोंडतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. या मृत्यूंना खाण थेट जबाबदार आहे असं म्हणणं अप्रामाणिक ठरेल, चंद्रपुरातल्या संघर्षाला बरीच कारणं आहेत. मात्र वाट बंद करणारं प्रत्येक बांधकाम त्यात भर घालतं, आणि ही भर एकाही मंजुरीच्या कागदावर दिसत नाही.

राहिला उशिराचा मुद्दा: एवढा अभ्यास करत बसलो तर विकास खोळंबेल. यासाठी लागणारी बरीच माहिती आज हाताशी आहे. वाघांच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या नोंदी आणि कॅमेऱ्यांत टिपलेल्या प्रतिमा वनखात्याकडे आणि भारतीय वन्यजीव संस्थेकडे आहेत. सामूहिक वनहक्काचे नकाशे जिल्हाधिकारी कार्यालयात आहेत. इरई, वर्धा, वैनगंगा, प्राणहितेच्या पुराच्या नोंदी जलसंपदा खात्यात आहेत, खनिजांचे नकाशे भूगर्भशास्त्र विभागात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत उतरलेल्या रानटी हत्तींनी कोणत्या वाटा धरल्या, हेही आता ठाऊक आहे. हे सगळे कागद एकमेकांवर ठेवून पुढच्या लिलावाची यादी निघण्याआधी एक नकाशा प्रसिद्ध करणं, हे काही वर्षांचं नाही, महिन्यांचं काम आहे. तो मराठीत, गोंडीत आणि माडियात ग्रामसभांपुढे मांडावा. त्यावर ज्या जागा वर्ज्य ठरतील त्या कोणत्याही मंत्र्याच्या पत्राशिवाय वर्ज्य राहाव्यात, आणि ज्या खुल्या ठरतील तिथे पाइपलाइन, रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि वरच्या मातीची साठवण पहिला ट्रक निघण्याआधी पूर्ण असावी.