प्रगतीपुस्तक मुलाच्या हाती द्या
(संस्थेच्या वार्षिक समारंभात प्राथमिक विभागातील शिक्षकाने केलेले भाषण)



प्राथमिक शाळेतील पालकसभेविषयी चार शब्द सांगण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे.

आपल्या पालकसभेचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. गुरुजी बोलतात, पालक मान डोलावतात, प्रगतीपुस्तकावर सही किंवा अंगठा करून घरी जातात. ज्याच्यासाठी ही सभा, तो मुलगा मात्र व्हरांड्यात धास्तावून उभा असतो. सभेतील तक्रारीचा शेवट घरी माराने होणार, हे त्याला ठाऊक असते. ज्या मातेला अक्षरओळख नाही, ती तर 'मला त्यातलं काय कळणार?' म्हणून येतच नाही.

यावर एक उपाय आहे. सभेत मुलालाच बोलू द्यावे. अमेरिकेतील अनेक शाळांत ही पद्धत रुळली आहे. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांच्या नियमित सभा घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रगतीपुस्तकात मुलाच्या स्वतःच्या मूल्यमापनालाही जागा असावी, असे म्हटले आहे.

हे करायचे कसे? सभेपूर्वी आठवडाभर मुलाने आपल्या वह्या, चित्रे आणि चाचण्यांचे पेपर चाळावेत. त्यांतून चांगली जमलेली तीन कामे आणि न जमलेले एक काम निवडावे. वर्गात एका वेळी चार-पाच कुटुंबे बसतील. प्रत्येक मूल पंधरा मिनिटे आपले काम दाखवील, धडा वाचून दाखवील. शिक्षक सर्वांकडे फिरत राहील. 'बेरजेत हातचा मिळवायला मी विसरते,' असे तिसरीतील मुलगी स्वतः सांगते, तेव्हा ती चूक सुधारण्याची निम्मी वाट तिने चाललेली असते.

यात भाषेचीही अडचण राहत नाही. शाळेत मराठी व घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलणारे मूल आपल्या आईशी तिच्याच बोलीत बोलेल. न शिकलेल्या आईलाही त्याचे वाचन ऐकता येते, अक्षर पाहता येते. वडील आखातात असतील तर आजी, मामा किंवा मोठा भाऊ येऊ शकतो. वडिलांना मोबाइलवरून ऐकवता येते. शाळेनेही मजुरी बुडणार नाही अशी वेळ ठेवावी. जुम्म्याची दुपार व रमजानची संध्याकाळ टाळावी.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत :

१) मूल बोलत असता मध्ये बोलू नका.
२) शेजारच्या मुलाशी तुलना करू नका.
३) 'किती मार्क?' याआधी 'हे तू कसं केलंस?' असे विचारा.

आणि चूक कबूल केल्याबद्दल घरी गेल्यावर शिक्षा तर मुळीच करू नका. एकदा शिक्षा झाली की पुढच्या सभेत मूल खरे बोलणार नाही.

मुलींसाठी ही सभा विशेष मोलाची आहे. सातवीनंतर मुलीला घरी बसवण्याचा निर्णय काही घरांत तिला न विचारताच होतो. परंतु आठव्या वर्षी वडिलांसमोर वही उघडून जी निर्भयपणे बोलली, तिचे मत विचारल्यावाचून वडिलांना पुढे राहवणार नाही, असा माझा विश्वास आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सभेत लपवाछपवी करू नका. न आलेले गणितही दाखवा. ते तुमचेच आहे, तुम्हालाच सोडवायचे आहे.

'इक्रा', म्हणजे 'वाच', हा आपल्या पवित्र ग्रंथाचा प्रथम अवतरलेला शब्द. आपली मुले वाचू लागली आहेत. ते वाचन ऐकण्यासाठी वर्षातून दोन वेळा तरी त्यांच्याजवळ येऊन बसा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!