न पेरलेल्या ढगाचा हिशेब



मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांच्या अशा व्यासपीठावरून अध्यक्षाने विज्ञानाच्या घोडदौडीचं कौतुक करावं, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थोडी आशा आणि थोडी काळजी व्यक्त करावी, वैज्ञानिक दृष्टिकोन हे राज्यघटनेच्या कलम 51-क मधलं आपलं मूलभूत कर्तव्य असल्याची आठवण द्यावी आणि खाली बसावं, अशी चाल आहे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्या विषयाच्या माणसाला कौतुक फारसं जमत नाही, 'कशावरून?' एवढंच विचारता येतं. म्हणून आज एकच विषय घेतो, कृत्रिम पाऊस. 2003, 2015, 2019 असा तो आपल्या राज्यात अधूनमधून हजर होतो, वर्तमानपत्रांत धो धो पडतो आणि हंगाम सरला की त्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

2019चंच घ्या. मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 30 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमान उडू लागलं. त्याच सुमारास कृष्णा आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवलं होतं. एका टोकाला माणसं होडीतून बाहेर काढली जात होती आणि दुसऱ्या टोकाला ढग शोधत विमान फिरत होतं. संध्याकाळी प्रसिद्धिपत्रक येई: अमुक तालुक्यावर रसायनाच्या इतक्या नळकांड्या फोडल्या, अमुक गावात पाऊस झाला. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवलेली असत. त्यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द सरकारने लिहिलेला नसे. तो आपण लिहीत होतो.

आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तसंच धोंडी निघते किंवा बेडकांचं लग्न लागतं ते आर्द्राच्या आगेमागे, म्हणजे पाऊस नाही तरी दाराशी आलेलाच असतो तेव्हा. माघात कुणी बेडकांचं लग्न लावत नाही. ढगात मीठ किंवा रसायन पेरणारं बीजनाचं विमानही, वैमानिक शहाणा असेल तर, पाण्याने भरलेला ढग रडारवर दिसल्याशिवाय उडत नाही. जो ढग बरसण्याची शक्यता सगळ्यात जास्त तोच निवडायचा, त्यात बी टाकायचं, आणि तो बरसला की श्रेय घ्यायचं. ही पद्धत कधी हरूच शकत नाही. जी हरू शकत नाही, तिच्या जिंकण्यावरही मी विश्वास ठेवायला तयार नाही.

गैरसमज नको. बीजनामागचं भौतिकशास्त्र भोंदूपणाचं नाही. ढगातले पाण्याचे बारीक थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही द्रव राहू शकतात. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची घडण बर्फाशी इतकी जुळते की थेंब त्याच्याभोवती गोठतात. उष्ण ढगात मिठाचे कण ओलावा ओढून मोठे थेंब करतात आणि ते लहान थेंबांना पोटात घेत खाली येतात. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांवर शास्त्रज्ञांनी विमान नागमोडी उडवलं, तेव्हा रडारवर हिमकणांची रेघही तशीच नागमोडी उमटली. याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही. पण तो सिद्ध करतो एवढंच की हिवाळ्यात, विशिष्ट ढगात, बी टाकल्यावर बर्फ तयार होतं. मराठवाड्यातल्या जुलैच्या ढगातून किती मिलिमीटर जास्त पडलं, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर मिळवायचं तर न पेरलेला ढग हवा. तो कसा वागतो, हे कळल्याशिवाय पेरलेल्या ढगाविषयी तोंड उघडता येत नाही.

या विद्येच्या जन्मातच ही अडचण आहे, आणि तिची गोष्ट आपल्यासारख्या लोकांनी ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, 1932चे नोबेल विजेते. त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांना 1946च्या उन्हाळ्यात शीतपेटीत कोरडा बर्फ टाकल्यावर हिमकणांचा ढग उसळलेला दिसला. नोव्हेंबरमध्ये शेफर यांनी विमानातून खऱ्या ढगावर तोच प्रयोग केला आणि ढगाखाली हिमाचे पट्टे लोंबले. त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुण शोधला. इथपर्यंत सगळं चोख होतं.

मग लँगम्यूर यांना घाई झाली. ऑक्टोबर 1947 मध्ये अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात लष्कराच्या विमानातून कोरडा बर्फ टाकला गेला. वादळ वळलं आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळलं. लोक चिडले, खटल्याच्या गोष्टी निघाल्या. एखादा शास्त्रज्ञ अशा वेळी 'यात आमचा काही संबंध नाही' म्हणाला असता. लँगम्यूर मात्र म्हणत राहिले की वळण आपल्यामुळेच मिळालं! वादळ आधीच वळू लागलं होतं, आणि 1906 मध्ये तशाच वाटेने एक वादळ कुणीही बर्फ न टाकता गेलं होतं, हे इतरांनी दाखवलं. ते बधले नाहीत. पुढे न्यू मेक्सिकोत त्यांनी दर आठवड्याला ठरावीक दिवशी सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडायला लावला आणि दूर ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या पावसात सात दिवसांची लय सापडल्याचं जाहीर केलं. हवामान खात्याच्या संख्याशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी उघडल्या, तर तशी लय बीजनाचा जन्म होण्याआधीही मधूनमधून सापडत होती.

आता गंमत ऐका. याच लँगम्यूर यांनी डिसेंबर 1953 मध्ये एक प्रसिद्ध व्याख्यान दिलं. प्रामाणिक शास्त्रज्ञ स्वतःलाच कसे फसवतात, हा विषय. फ्रान्समधल्या ब्लाँडलो यांचे एन-किरण त्यांनी सांगितले: 1903 मध्ये ते 'सापडले', अनेकांना दिसले, आणि पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड यांनी अंधारात उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला तरी ब्लाँडलो यांना ते दिसतच राहिले. अशा विज्ञानाची लक्षणं लँगम्यूर यांनी नेमकी मांडली, आणि आजही ती शिकवली जातात. परिणाम जेमतेम दिसण्याइतका असतो, टीकेला प्रत्येक वेळी तिथल्या तिथे सुचलेलं स्पष्टीकरण मिळतं. स्वतःच्या ढगांना त्यांनी ही कसोटी लावली नाही. मला यात त्यांचा उपहास करायचा नाही. संशय घेण्याची कला माणसाला येत असते, ती फक्त बाहेरच्या दिशेने चालते. साहित्याच्या मंडळींसाठी जाता जाता एक: बर्नार्ड यांचे धाकटे भाऊ कर्ट व्हॉनेगट त्या काळात त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होते. पुढे ते कादंबरीकार झाले, आणि त्यांच्या एका कादंबरीतला, आपल्या शोधाचं पुढे काय होईल याची फिकीर नसलेला शास्त्रज्ञ त्यांनी लँगम्यूर यांच्यावरून बेतला. प्रसिद्धिपत्रकं लिहिणाऱ्या माणसाला शास्त्रज्ञ आतून दिसतो, तो असा.

आणि आपण? आपल्याकडे याहून चांगलं काम झालं आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी लिहिलं आहे. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून ताजी असताना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बारामतीच्या आकाशात मिठाच्या बीजनाचा प्रयोग सुरू केला. 1973, 1974, 1976 आणि मग 1979 ते 1986, असे पावसाळ्याचे अकरा हंगाम. त्यांनी दोन पट्टे आखले, एकाचं मीठ वाऱ्याने दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये एक मोकळा पट्टा सोडला, आणि आज मीठ कोणत्या पट्ट्यावर टाकायचं हे योगायोगावर सोपवलं. शास्त्रज्ञाच्या इच्छेवर नाही, ढगाच्या रूपावर नाही, पुढाऱ्याच्या फोनवर तर नाहीच. निष्कर्ष आला 24 टक्के वाढीचा. बीजनाचा काहीही परिणाम नसता तरी निव्वळ नशिबाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार होती. मी यावर लगेच नाचणार नाही. शंभरात चार म्हणजे शून्य नव्हे, आणि असेच आशादायक आकडे इस्रायलच्या साठच्या दशकातल्या प्रयोगातही आले होते, जे पुढच्या प्रयोगांत टिकले नाहीत. पण हा प्रयोग हरू शकत होता. दुष्काळी भागात समोर भरलेला ढग असताना 'आज तिकडे नाही, इकडे' म्हणून विमान वळवायला काय लागत असेल, याचा विचार करा. महाराष्ट्रात विज्ञान झालं ते तिथे झालं. त्यानंतरच्या सरकारी मोहिमांत योगायोगाची ही चिठ्ठी कुठे गेली?

ती परत निघाली सोलापुरात, त्याच संस्थेच्या हातून. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला जिल्हा, 2018 आणि 2019चे पावसाळे, 276 ढग. कोणते पेरायचे आणि कोणते नुसते पाहायचे हे पुन्हा योगायोगाने ठरवलेलं. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी पाऊस 46 टक्क्यांपर्यंत वाढला, आणि वाऱ्याच्या दिशेने 100 चौरस किलोमीटरच्या क्षेत्राची सरासरी घेतली तर 18 टक्के. मोठा आकडा आणि खरा आकडा यांतला फरक इथे उघड्यावर आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी लपवलेला नाही. पाण्याचा खर्च लिटरला सुमारे 18 पैसे सांगितला गेला. स्वस्त वाटतं. आता गुणाकार करू. दहा हजार लिटरचा टँकर 1,800 रुपयांना पडला. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,832 कोटी लिटर, म्हणजे जवळजवळ 510 कोटी रुपये. शिवाय टँकरचं पाणी टाकीत पडतं. हे पाणी कुणाच्या शिवारात पडेल ते वारा ठरवतो, आणि त्यातलं किती जमिनीत मुरेल, किती उडून जाईल ते ऊन ठरवतं. पैशाचा हा हिशेब कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात नसतो, म्हणून आपल्या लेखात असायला हवा.

आणि त्याआधीची अडचण तर शिल्लकच. बी आहे, विमान आहे, पण ढग नसेल तर? 28 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीवर आयआयटी कानपूरने बीजन केलं, हवेतली धूळ-धूर धुऊन निघावा म्हणून. ढगांत ओलावा होता 10 ते 15 टक्के. म्हणण्यासारखा पाऊस आला नाही. तरी प्रदूषण काही टक्क्यांनी उतरल्याचं सांगण्यात आलं. दिल्लीची हवा तासातासाला वरखाली होते. ती कोणत्या तासाला आपली चाकरी करेल हे हुशार माणूस निवडू शकतो.

'म्हणून' जोडण्याचा हाच दोष उलट्या बाजूनेही दिसतो, आणि तो आपल्या मनाला जास्त गोड लागतो. 'विमान आलं आणि ढग पांगले' हे वाक्य मराठवाड्यात कोणत्याही पारावर ऐकू येतं. एप्रिल 2024 मध्ये दुबई पाण्याखाली गेली. तिथल्या आपल्या मराठी माणसांच्या मोबाइलवरून इथे चित्रफिती आल्या, आणि सोबत निदानही: 'ढगांशी खेळले, भोगतायत.' त्या वादळी प्रणालीचा अंदाज जगभरच्या हवामानतज्ज्ञांनी काही दिवस आधी दिला होता. ज्या बीजनाने पावसात पंधरा-वीस टक्के भर पडली तरी शास्त्रज्ञ खूश होतात, त्यानेच एका दिवसात वर्षाहून जास्त पाऊस पाडला, हे म्हणणाऱ्याला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. त्याने सरकारी प्रसिद्धिपत्रकावर पूर्ण विश्वास ठेवला आहे, इतकंच.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर मी बोललो नाही अशी तक्रार चहाच्या वेळी होईल, म्हणून दोन वाक्यं. बारामतीतच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत ही बुद्धिमत्ता आणली, आणि 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी तिचं जगभर कौतुक केलं. उत्पादन वाढलं असेल, मला आनंद आहे. पण शेजारच्या शेताला तीच रोपं, तेच ठिबक, तेच मातीपरीक्षण आणि तेवढीच तज्ज्ञांची ये-जा द्या, फक्त यंत्र देऊ नका, आणि मग दोन्ही उसांची वजनं मला सांगा. ज्या तालुक्याच्या आकाशात अकरा हंगाम अशीच तुलना केली गेली, तिथे हे जड जाऊ नये.

मागणी एकच आहे, आणि ती सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. पुढच्या दुष्काळात विमान पुन्हा उडेल, याविषयी मला शंका नाही. तेव्हा 'कृत्रिम पाऊस पडला' अशी बातमी मजकूर म्हणून स्वीकारू नये. बातमीत तीन रकाने असावेत: त्या दिवशी किती ढग पेरण्याजोगे होते, त्यांतले किती मुद्दाम न पेरता सोडले आणि ते कुणी ठरवलं, आणि दोन्हींखाली किती मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या रकान्यात शून्य असेल तर तिसरा छापण्यात अर्थ नाही, आणि हे वाचकाला त्याच बातमीत सांगावं. आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल की शेतकऱ्याची पेरणी करपत असताना ढग 'मुद्दाम सोडा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं. मलाही ते सोपं वाटत नाही. पण हे औषध लागू पडतं की नाही, हे 2003 पासूनच्या सरकारी मोहिमांवरून त्या शेतकऱ्याला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि त्याच्याच करातून पुढची नळकांडी फुटणार आहे.

ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात त्यावर चर्चा व्हावी. विरोध करणाऱ्यांनी कृपया आकडे घेऊन यावं.