गोरेपणाचं कर्ज

आज हप्त्यांबद्दल बोलणार नाही, पण विषय निघाला तो कर्जावरूनच.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर गप्प. शेवटी शेजारीण म्हणाली, "लेकीला बघायला पाहुणे येणारेत. तिला गोरं व्हायची क्रीम आणायचीय." आधीची एक डबी संपली होती. मुलीला पाहिलं तर गाल लालभडक. चुलीपुढं बसलं की आग होते, म्हणाली.

मैत्रिणींनो, सुंदर कुणाला म्हणायचं हे कोण ठरवतं? माझ्या आजीच्या काळात कपाळावर, हनुवटीवर गोंदण नसलं तर चेहरा ओका वाटायचा. आज मुली तेच गोंदण काढायला डॉक्टरकडे जातात. तेव्हा अंगानं भरलेली बाई खात्यापित्या घरची समजायचे. आज तिलाच बारीक व्हायला सांगतात.

जाहिरातींचंही तसंच. 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. घरंदाज बाईनं जाहिरातीत यावं का, असं विचारणारा तो काळ. 1966 मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाल्या. आईवडील गोव्याचे, त्या मुंबईत डॉक्टरकी शिकत होत्या. वर्षभरानं सिनेमात न जाता पुन्हा अभ्यासाला लागल्या आणि डॉक्टर झाल्या. 1992 मध्ये आपली मधू सप्रे, सावळी, उंच, खेळाडू बांध्याची, मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली. 1994 ला सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या, आणि मग गावागावांत ब्युटी पार्लर निघाली. त्याच मिस युनिव्हर्समध्ये पूर्वी लग्न झालेल्या बाईला जागा नव्हती. आता लेकुरवाळीही भाग घेऊ शकते, वयाची वरची अटही काढलीय.

म्हणजे मापं बदलत राहतात. गोरेपणाचं खूळ मात्र जाता जात नाही, कारण त्यावर मोठा धंदा चालतो. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली. काळी मुलगी गोरी झाली की तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो, असं जाहिरातींनी वर्षानुवर्षं दाखवलं. 2020 मध्ये कंपनीनं नावातला 'फेअर' काढला. पण आपल्या बायोडाटातला 'रंग गोरा' अजून तिथंच आहे. तो तर आपणच लिहितो ना?

आता कामाचं ऐका. बाजारात काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं डबीवर दिसली तर ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायचं नाही. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. काही क्रीममध्ये पारा असतो. तो अंगात भिनतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नसेल तर ती घेऊच नका, पार्लरवाली ओळखीची असली तरी. स्टेरॉइडची क्रीम बरेच दिवस लावली असेल तर ती एकदम बंद केल्यानंही चेहरा भडकतो. म्हणून डबी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या ताईंना गटानं कर्ज दिलं, पण डॉक्टरांसाठी आणि जाण्यायेण्यासाठी. डबीवर स्टेरॉइडचंच नाव निघालं. उपचार सुरू आहेत. गाल निवायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पाहुण्यांना पुढची तारीख कळवली. मुलगी हळूच मला म्हणाली, "ताई, मला ती लावायचीच नव्हती. आईला वाईट वाटेल म्हणून लावली."

तिचं ते बोलणं मनातून जात नाही. आपण आया, मावश्या, आत्या सहज बोलून जातो, "नाकीडोळी छान आहे, फक्त रंग..." तो 'फक्त' आपल्या तोंडून गेला ना, तर पोरींना डबीची गरज उरणार नाही. आमच्या त्या गटानं ठरवलंय, मुलींच्या बायोडाटात रंगाची ओळच लिहायची नाही. तुमच्याही बैठकीत हा विषय काढून बघा.

पुढच्या वेळी भेटू.