जर-तरचा सांधा



आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, अशी आपल्याकडे म्हण आहे. जर-तरच्या गोष्टी करणाऱ्याला गप्प बसवायला ती फार सोयीची पडते. मीही एकदा ती वापरली, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

सिंदीला, म्हणजे सिंदी रेल्वेला, मी शाळेत इतिहास शिकवीत होतो. असईच्या लढाईचा पाठ चालला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, आपण असईले जिंकलो असतो तं?" तास संपायला आला होता. मी आत्याबाईची म्हण सांगितली. वर्ग हसला. मुलगा खाली बसला, आणि पुढे कित्येक दिवस त्याने काही विचारले नाही. प्रश्न विचारणारा एक मुलगा मी गमावला होता.

त्या संध्याकाळी मी स्टेशनाकडे फिरायला गेलो. या मार्गावरून नागपूरपर्यंत आगगाडी आली ती १८६७ साली. तेव्हापासून रेल्वे आपल्या गावाच्या नावालाच चिकटली आहे. जुन्या काळी सांधेवाला लोखंडी दांडा ओढून सांधा बदलायचा आणि गाडी दुसऱ्या रुळावर जायची. ते आठवले, आणि माझ्या मनात आले : सांधा बदलला की गाडी कुठेही जाते, असे थोडेच आहे? जिथे दुसरा रूळ आधीच टाकलेला असतो, तिथेच ती जाते. रूळ नाही तिथे सांधेवाल्याने कितीही जोर केला तरी काय होणार?

इतिहासातल्या जर-तरलाही हाच नियम लावावा. त्या वेळी दुसरा मार्ग खरोखर उपलब्ध होता का? तो कोणी सुचवला होता का? सांधा कोणाच्या हातात होता? एवढे विचारले की जर-तर ही पोरकट गोष्ट राहत नाही.

आता त्या मुलाचा प्रश्नच घेऊ. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. असई गेली. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातले आडगाव गेले. डिसेंबरात गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तहात भोसल्यांनी कटकचा प्रांत सोडला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. तो मुलूख पुढे इंग्रजांनी निजामाला दिला.

मुलगा विचारतो, जिंकलो असतो तर? आपण त्याला उलट विचारावे : बाबा रे, जिंकायला आणखी कोण हवे होते? उत्तर लगेच येते : यशवंतराव होळकर. त्यांच्यापाशी फौज होती, आणि मैदानी लढाईत त्यांचा हात धरणारे थोडे होते. शिंदे-होळकरांचा समेट व्हावा म्हणून खुद्द रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती. म्हणजे दुसरा रूळ होता. तरीही होळकर त्या वर्षी माळव्यातच राहिले. लढले ते १८०४ साली, तेही शिंदे-भोसल्यांशिवाय.

"मंग ते काहून नाही आले?" हा खरा प्रश्न. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले. त्याआधी १७९७ साली दुसरा भाऊ मल्हारराव शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. पेशवे पळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. अशा माणसाने नऊ महिन्यांनी शिंद्यांच्या खांद्याला खांदा लावावा, ही अपेक्षा जड होती. रूळ होता, पण गंजला होता.

बघा, प्रश्नाने आपल्याला कुठून कुठे आणले. आपण असईच्या रणांगणावर होतो, आणि पोचलो पुण्याला, दोन वर्षे मागे. तिथे एका माणसाच्या हातात सांधा होता. विठोजीला कैदेत ठेवायचे की मारायचे, एवढाच तो निर्णय होता. मुलाला वाटत होते की आपण शौर्यात कमी पडलो. प्रत्यक्षात आपण घरातला तंटा मिटवण्यात कमी पडलो. हा धडा सनावळी पाठ करून कधी मिळाला नसता.

पण एका जरवर सगळाच भार टाकू नये. "असई जिंकली असती तं इंग्रज आलाच नसता," असे एखादा मुलगा म्हणेल. एवढे आपल्याला म्हणता येणार नाही. कलकत्ता, मद्रास, मुंबई त्यांच्याकडे होतीच, आणि म्हैसूरचे टिपूचे राज्य १७९९ सालीच संपले होते. शेतकऱ्याला सुख लागले असते, हेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तहाआधी वऱ्हाडातल्या महसुलावर निजाम आणि भोसले असे दोन हात होते, हे विसरू नये.

तरीपण तहातल्या त्या एका रेघेने काय केले, ते आपल्या पायाखालीच आहे. वर्धा नदी सरहद्द झाली. अलीकडे भोसले, पलीकडे निजाम. १८५३-५४ साली दोन्हीकडे इंग्रजांचा अंमल आला, पण कारभार निराळा राहिला. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. शेतकरी सरकारशी थेट बांधला गेला. आपल्या बाजूला १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारी पक्की झाली. गावाचा सारा गोळा करणारा गावाचा मालक ठरला. ती गेली १९५१ साली. नदीच्या दोन काठांवर माती तीच, कापूस तोच, पण कुळाचे नशीब वेगळे.

हा सगळा दोष १८०३ च्या तहावर घालावा का? नाही. साठ वर्षांनी मालगुजारीचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यासमोर रयतवारीचा रूळ होता. त्यांनी तो घेतला नाही. तेव्हा त्या निर्णयाची जबाबदारी त्यांची. वाटेत सांधे अनेक असतात, आणि प्रत्येक सांध्यावर एक माणूस उभा असतो.

१८५३ चेच पाहा. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी भोसले वारले; औरस मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. दुसरे काही होणे शक्यच नव्हते, असे आपण सहज म्हणतो. पण खुद्द गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला कर्नल लो नावाचा इंग्रज या खालसा करण्याच्या विरुद्ध होता, आणि त्याने ते लिहून ठेवले. म्हणजे दुसरा मार्ग समोर होता, आणि तो जाणूनबुजून नाकारला गेला. अन्याय अटळ नव्हता, हे कळले की त्याचा अर्थच बदलतो.

अगदी अलीकडचेही उदाहरण आहे. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. तसे झाले नाही. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. काय बरे झाले असते यावर घराघरात दोन मते आहेत. शिक्षकांनी आपले मत मुलांवर लादू नये. पण रूळ दोन होते, हे लपवूही नये.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हाला नवे नाही. "आणखी आठ दिवस थांबलो असतो तर दुबार पेरणी टळली असती," असे तुम्ही म्हणता ते रडण्यासाठी नव्हे. त्या दिवशी आभाळ कसे होते, आपल्याला काय ठाऊक होते, शेजाऱ्याने काय केले, याचा हिशेब तुम्ही मांडता, आणि पुढच्या मृगात तो कामी येतो. पाऊसच पडला असता तर, यावर कोणी हिशेब मांडत नाही. तो सांधा आपल्या हातात नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात त्या मुलाला उभे केले आणि म्हटले, "तुझा प्रश्न चांगला होता, चूक माझी झाली. चल, होळकर का आले नाहीत ते शोधू." दोन तास गेले. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, मंग भांडण आधी मिटवाले पाहिजे होतं."

माझ्या शिक्षक मित्रांनो, मुलगा जर-तर विचारील तेव्हा आत्याबाईला मध्ये आणू नका. त्याला सांध्यापाशी घेऊन जा, आणि दांडा कोणाच्या हातात होता ते त्याला पाहू द्या. उद्या गावात काही ठरवायची वेळ येईल, तेव्हा दांडा त्याच्याच हातात असणार आहे.