मुलांना गोष्ट रचायला शिकवू या



आम्ही पेशाने बँकेतले कारकून. काउंटरवर आम्हांला रोज एक गोष्ट दिसते. पासबुक हरवलेला माणूस एस.टी.तल्या गर्दीपासून सुरुवात करतो, मध्येच जावयाचे आजारपण येते आणि पासबुक कधी, कुठे हरवले हे राहूनच जाते. मागे रांग वाढते. अशाला पुष्कळदा ‘उद्या या’ असे ऐकावे लागते. त्याचे म्हणणे खरे असते. पण ते क्रमाने मांडायला त्याला कोणी शिकवलेले नसते. हे शिक्षण पाचव्या-सहाव्या वर्षी घरातच सुरू व्हावे.

काऊ-चिऊची गोष्ट घ्या. मुलाचे एकेक बोट धरून चार प्रश्न विचारा. कोण होते? अडचण काय आली? मग काय केले? शेवटी काय झाले? कावळ्याचे घर शेणाने बांधलेले, हे आरंभीच का सांगितले? पुढे पाऊस येणार आहे म्हणून! आरंभी सांगितलेले पुढे उपयोगी पडते, हे मूल इथेच शिकते.

पाली जातकसंग्रहातल्या 547 कथांपैकी 33वी सम्मोदमान जातक. शिकारी जाळे टाकतो, लावे पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात. पुढे एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, म्हणून भांडण होते. भांडण होते म्हणून जाळे उचलले जात नाही. म्हणून ते पकडले जातात. मुले ‘आणि मग, आणि मग’ असे सांगत जातात. त्यांना ‘म्हणून’ हा शब्द द्या. गोष्ट आपोआप जुळते. दुर्गा भागवतांनी जातककथा मराठीत आणल्या आहेत, त्या घरात असाव्यात.

चार कागदांवर चार चित्रे काढून घ्या, ती पिसा आणि पुन्हा क्रमाने लावायला सांगा. तात्पर्य विचारण्याची घाई नको. आधी गोष्ट पुरी होऊ द्या.

आमचे लातूर परीक्षेतल्या गुणांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. त्याचा अभिमान आहेच. पण गुणपत्रिका दाखवणाऱ्या मुलाला आपल्यावर काय गुदरले, हेही चार माणसांत सांगता आले पाहिजे. आज रात्री जेवताना मुलाला दिवसभरातली एक हकीकत चार वाक्यांत सांगायला लावा, आणि मध्ये न बोलता ऐका.