श्वासमार्गाची भिंत
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



श्वसनसंस्थेच्या विकारांवर बोलावयाचे म्हणजे नासिकेपासून वायुकोशांपर्यंत उद्भवणाऱ्या यच्चयावत व्याधींची जंत्री सादर करावी, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु ती जंत्री क्रमिक पुस्तकांत आहेच. जंतू कोणता याची चौकशी आपण ज्या तत्परतेने करतो, त्याच तत्परतेने तो ज्या अस्तरावर उतरला त्याचे पुढे काय झाले, हेही विचारले पाहिजे, एवढेच मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे.

घटसर्प घ्या. घशाचे अस्तर सपाट पेशींच्या अनेक थरांचे असल्यामुळे मृत पेशी व फायब्रिन यांचा करडा पापुद्रा तेथे घट्ट रुतून बसतो आणि चिमट्याने ओढू गेल्यास खालून रक्त येते. उलट श्वासनलिकेच्या स्तंभाकार पेशींवर तोच पापुद्रा सैल राहतो, प्रसंगी नलिकेच्या आकाराचा सबंध साचा होऊन सुटतो आणि बालकाचा श्वास कोंडतो. विष तेच, फायब्रिनही तेच. हद्द बदलली की परिणाम बदलला.

फुप्फुसाच्या एका सबंध खंडास ग्रासणारा न्यूमोनिया हे तर याचे विलक्षण उदाहरण होय. पॅरिसच्या लॅनेकने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्णाच्या छातीतील ध्वनी आणि शवविच्छेदनात दिसणारी विकृती यांची जी सांगड घातली, तिच्यामुळे या रोगाच्या अवस्था जिवंतपणीही ओळखता येऊ लागल्या. प्रथम खंड रक्ताने तुडुंब भरतो; मग वायुकोशांत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व फायब्रिन साचून तो यकृतासारखा लाल व घट्ट होतो, आणि त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर, निरोगी फुप्फुसाप्रमाणे न तरंगता, तळाशी जातो. पुढे तांबड्या पेशी विघटित होऊन त्यास राखी वर्ण येतो. एवढा अनर्थ होऊनही आठवड्याच्या सुमारास ते द्रव्य विरघळू लागते, काही खोकल्यावाटे जाते, काही भक्षकपेशी गिळतात, आणि तो खंड बहुधा पूर्ववत हवा घेऊ लागतो! कारण वायुकोश भरले होते, त्यांच्या भिंती मात्र शाबूत होत्या. ते द्रव्य विरघळलेच नाही, तर त्यात तंतुजनक पेशी शिरतात आणि तेथे कायमचे मांसवत घट्ट ऊतक उरते. ही अवस्था आपण सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावी.

क्षयात भिंती शाबूत राहण्याची ही शाश्वती नाही. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने बर्लिन येथे ज्याचा शोध जाहीर केला, तो जंतू फुप्फुसात गाठी उठवतो. त्यांचा मध्यभाग मृत होऊन पिवळट, ठिसूळ बनतो, आणि या मृत्यूतून वायुकोशांची भिंतही सुटत नाही. तो भाग मऊ होऊन श्वासनलिकेत फुटला की मागे विवर राहते. काचेच्या बरणीतले असे विवर पाहताना विद्यार्थी त्याचा आकार मोजतात आणि पुढच्या नमुन्याकडे वळतात, याचे मला मनस्वी वाईट वाटते. कारण पाहण्यासारखे जे आहे ते विवराच्या कडेला असते. तेथे फुप्फुसधमनीच्या फांद्या दिसतात. बहुतेक गुठळीने बंद झालेल्या असतात. परंतु एखादी उघडी राहिली, तर बाहेरचा आधार नष्ट झाल्यामुळे तिची भिंत विवरात फुगते आणि पुढे फुटते. एकाएकी रक्ताची मोठी गुळणी होऊन रुग्ण दगावला असेल, तर विच्छेदनाच्या वेळी विवरातील रक्ताच्या गुठळ्या हलक्या हाताने धुऊन प्रथम हीच फांदी शोधावी.